बळीरामच्या नावाचा शंख

शोधपत्रिकेच्या संपादकांच्या मेलमध्ये मागणी एकच होती, आणि तीही चांगल्या शब्दांत केलेली. शंखावरच्या जाड फासळ्यांच्या मधल्या बारीक फासळ्या जरा जवळून दाखवणारा एक फोटो पाठवावा, म्हणजे लेख छापायला घेता येईल. बाकी सगळं पसंत. अहो, दुसऱ्या कोणाला असा मेल आला असता तर त्यानं अख्ख्या स्टाफरूमला चहा पाजला असता! पण संघदीप नरवाडेच्या पोटात गोळा आला. त्याला खुशीची बातमी आली तरी आधी पोटात गोळाच येतो, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याचा उतरलेला चेहरा पाहूनही कोणी काही विचारलं नाही.

संघदीप यवतमाळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगर्भशास्त्र शिकवायचा. गाव फुलसावंगी, तालुका महागाव. पोरं झरी जामणीच्या सहलीत चुनखडीच्या थरांत शंख शोधायला लागली की हा हसायचा. "कायले शोधता रे? हा दगड शंख जन्माले यायच्या आधीचा हाय." बाकी यवतमाळात पाहावं तिकडे लाव्हाचा काळा दगड, त्यात समुद्राचं काय सापडणार? आणि याचा जीव अडकलेला अमोनाइटमध्ये. मेंढ्याच्या शिंगासारखा गोल वळलेला समुद्री शंख तो. आतलं जनावर कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालं, शंख तेवढे दगड होऊन राहिले. त्यासाठी संघदीप तीन वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात, पार धार जिल्ह्यापर्यंत गेलता आणि दगडांचं एक पोतं घेऊन आलता. एस.टी.च्या कंडक्टरनं त्या पोत्याचं तिकीट फाडलं, ते वेगळंच.

अमोनाइट ओळखायचा म्हणजे त्याच्या अंगावरची नक्षी वाचायची. नुसत्या आकारावर जाल तर फसाल, कारण आकारानं निम्मे शंख एकमेकांचे भाऊच दिसतात. पण अंगावर उठलेल्या रेघा असतात ना, ज्यांना संघदीप वर्गात फासळ्या म्हणायचा, त्या सहसा खोटं बोलत नाहीत. फासळी आतल्या खळग्यापासून निघते की अर्ध्यातून? सरळ जाते की पुढं झुकते? तिला मध्ये फाटा फुटतो का? बाहेरच्या काठावर गाठ आहे का? पाठीवर कणा आहे की पाठ सपाट? एवढं नीट लिहिलं की शंख कोणत्या जातीचा ते ठरतं. जात हा पुस्तकातला शब्द. नरवाड्यांच्या घरात तो कोणी हौसेनं तोंडात घेत नाही, म्हणून संघदीप प्रजातीच म्हणायचा.

आणि एक वाक्य त्याचं ठरलेलं होतं. दर वर्षी, दर वर्गात, फळ्यावर शंख काढून झाला की तो म्हणायचा, "जनावर वाढतं तशी त्याची नक्षी वाढते. आत फासळ्या जवळ जवळ, बाहेर येता येता त्यांच्यातलं अंतर वाढत जाते. हे कधी विसरू नका." पोरं विसरायची. पण विसरला कोण, ते पुढं येईलच.

आता बळीरामबद्दल सांगितलं पाहिजे. हा संघदीपचा बाप, पाटे टाकवणारा माणूस. मिक्सरच्या दिवसांत हेही समजावून सांगावं लागतं, काय करता! दगडी पाटा वाटून वाटून गुळगुळीत झाला की त्यावर मिरची नुसती घसरते. मग टाकीनं, म्हणजे बोटाएवढ्या पोलादी छिन्नीनं, त्यावर ठोके मारून पुन्हा रेघा उठवाव्या लागतात, तेच टाकवणं. तरुणपणी रस्त्याच्या कामावर खडी फोडताना बळीराम हे एका वडाराकडून शिकला आणि सायकलला पिशवी अडकवून फुलसावंगीपासून उमरखेडच्या बाजारापर्यंत आयुष्यभर फिरला. "पाटाऽ टाकवता का बाईऽ, जातंऽ टाकवता काऽ!" त्या ठोक्यांवर संघदीप एम.एस्सी. झाला. हे संघदीप कधी लपवायचा नाही, उलट पोरांना मुद्दाम सांगायचा.

शंखावर चिकटलेला दगड काढायचं यंत्र कॉलेजात नव्हतं आणि येईल असंही कोणाला वाटत नव्हतं. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत पोतं फुलसावंगीला गेलं. अंगणातल्या कडुलिंबाखाली बापलेक समोरासमोर बसायचे. संघदीप सुईनं टोकरायचा आणि बळीराम आपल्या सगळ्यात बारक्या टाकीनं. येणारेजाणारे थट्टा करायचे, "काय बळीरामभाऊ, दगडाच्या उवा काढून राह्यले का?" बळीराम वर न पाहता म्हणायचा, "हाव. तुह्या डोक्यातल्या सरल्या म्हनून." संघदीपच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते, आणि त्याला ते तेव्हाही कळत होतं.

एक शंख राहिला होता. तळहातावर मावेल एवढा, पण अंगावर सिमेंटासारखा कडक थर. तेवढ्यात परीक्षेच्या ड्युटीसाठी यवतमाळला जावं लागलं. जाताना संघदीप म्हणाला, "बाबा, याच्यावरचा थर तेवढा काढून ठेवजा. घाई नाई." परत आला तेव्हा शंख टॉवेलात गुंडाळून ठेवलेला होता. धुतलेला, वर जवसाच्या तेलाचा हात फिरवलेला, काळाभोर. आणि दर दोन जाड फासळ्यांच्या मधात एक बारीक फासळी! बाहेरच्या काठावरून निघालेली आणि अर्ध्यातच विरलेली. संघदीपनं सगळी पुस्तकं धुंडाळली. या शंखाच्या कुळातल्या एकाही प्रजातीला अशी मधली फासळी नव्हती. म्हणजे हा शंख आजवर कोणी पाहिला नव्हता. तो अंगणातच खाली बसला आणि बळीरामला म्हणाला, "बाबा, हा नवा हाय!" बळीरामला वाटलं, आपण तेल लावलं म्हणून नवा दिसून राह्यला. तो खूश झाला.

नव्या प्रजातीला नाव देण्याचा मान तिचं वर्णन करणाऱ्याचा. लोक राजांची देतात, गुरूंची देतात, बायकोचंही देतात. संघदीपनं ठरवायला वेळच घेतला नाही. बळीरामी. लेख लिहून पाठवला आणि तिथंच त्यानं ती चूक केली, जी भलीभली माणसं आनंदात करतात. छापून यायच्या आधीच बापाला सांगून टाकलं.

बळीरामनं त्या रात्री कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र अख्ख्या फुलसावंगीला कळलं. विहार समितीचे अध्यक्ष नागोराव, एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर, म्हणजे आवाज मूळचाच मोठा. त्यांनी रविवारी संध्याकाळी विहारात सत्कार ठरवला आणि मेल आला त्याच दिवशी दुपारी फोन केला. "अबे संघदीप, फ्लेक्स छापला ना बाप्पा! 'बळीराम नरवाडे यांच्या नावाचा शंख'! फोटोबी टाकला शंखाचा." त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फ्लेक्सवर बळीरामच्या शेजारी देवळात फुंकतात तसला पांढराशुभ्र शंख होता. संघदीपला हसू यायला हवं होतं. त्याच्या मनात मात्र मेलमधली मागणी फिरत होती. बारीक फासळ्या जवळून का पाहायच्या असतील त्यांना?

लॅब रिकामी झाल्यावर त्यानं शंख कपाटातून काढला आणि फोटो घेतला. समोरून उजेड, फासळ्या छान दिसत होत्या. तेवढाच पाठवला असता तर काम झालं असतं. पण हा संघदीप. घराला कुलूप लावून पुन्हा ओढून पाहणाऱ्यातला. म्हणाला, बाजूनं उजेड टाकून एक घेऊ, जास्त उठून दिसेल. टेबललॅम्प त्यानं सरकवून आडवा केला.

फोटो काढून त्यानं तो स्क्रीनवर मोठा करून पाहिला. प्रत्येक बारीक फासळीच्या दोन्ही अंगांना तांदळाच्या दाण्याएवढे खड्डे होते. एकामागं एक, एकाच बाजूला झुकलेले. पाण्यानं झिजून असे खड्डे पडतात का? किड्यांनी? त्यानं स्वतःलाच बरंच समजावून पाहिलं. मग व्हर्नियरची मोजपट्टी घेतली आणि मोजलं. जाड फासळ्यांमधलं अंतर आतून बाहेर वाढत गेलेलं, जसं वाढायला हवं तसं. खड्डे मात्र आत जेवढे, बाहेरही तेवढेच. जनावर वाढतं तशी नक्षी वाढते, अरे पण ठोका कुठं वाढतो! एका काठावर जवसाचं तेल सुकून निघालं होतं आणि खालचा दगड नुकताच फोडल्यासारखा पांढरा दिसत होता.

हे खड्डे त्यानं पुस्तकात पाहिले नव्हते. घरच्या पाट्यावर पाहिले होते, अगदी लहानपणापासून.

आता त्याच्याकडे दोन फोटो होते. एक समोरच्या उजेडातला आणि एक तिरप्या उजेडातला. पहिला पाठवला तर बळीरामी छापून येणार, रविवारी बापाच्या गळ्यात हार पडणार, आणि कदाचित, कदाचितच, कॉलेजातही कोणी त्याला विचारायला लागणार. शंख पुढं संग्रहालयात जाईल. तिथं कोणीतरी आज ना उद्या दिवा आडवा करेल. किंवा करणारही नाही, ड्रॉवरमध्ये पन्नास वर्षं पडून राहील. दुसरा पाठवला तर काहीच नाही. एक आधीच माहीत असलेली प्रजाती, आणि फुलसावंगीत फ्लेक्स लागलेला. संघदीपनं दोन्ही फोटो मेलला जोडले, दोन्ही काढले आणि लॅपटॉप बंद केला. त्याच्या मनानं एक शेवटची पळवाट धरून ठेवली होती. बाबांनी थर काढताना ठोके मारले असतील, आणि फासळ्या आधीच तिथं असतील. बाबांना विचारलं पाहिजे. 

शनिवारी त्यानं महागावची एस.टी. पकडली. शंख बॅगेत, बॅग मांडीवर. आर्णी येईपर्यंत त्यानं बॅगेची चेन कितीदा उघडून पाहिली असेल, शेजारची बाई शेवटी म्हणालीच, "भाऊ, लेकरू हाय का आतमधी?"

घरी पोचला तर बळीराम नवा शर्ट घालून आरशासमोर उभा. संघदीपची माय, तुळसाबाई, त्याच्या कॉलरचं बटण लावत होती आणि बोलत होती. "लग्नात नाई घातला असा शर्ट यानं. आता शंखाच्या लग्नात घालते." बळीराम लाजला. साठी उलटलेला माणूस असा लाजताना पाहिला आणि संघदीपचा सगळा धीर सुटला. संध्याकाळभर तो विचारू शकला नाही. जेवताना दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा ठेचा मागितला.

सकाळी तुळसाबाई पाट्यावर चटणी वाटून उठली तसा तो पाट्याजवळ बसला. ओल्या पाट्यावरून त्यानं अंगठा फिरवला. तांदळाएवढे खड्डे, एकाच बाजूला झुकलेले. बळीराम डावखुरा होता, त्याचे ठोके असेच पडायचे.

"बाबा," तो म्हणाला. "त्या शंखाले तुमी कसं साफ केलं होतं?"

बळीराम लिंबाखाली दात घासत होता. चूळ भरून उत्साहानं जवळ आला. "कसं म्हंजे? थर काढला ना. लय चिवट होता लेकाचा. मंग पाह्यलं तं मधात जागा कोरी. आपल्या पोत्यातल्या त्या बारक्या शंखायले होती ना मधात रेघ? म्हटलं, याची झिजून गेली असन. मंग उठवून देल्ली."

"उठवून देल्ली म्हंजे?"

"अबे, दोन्ही अंगानं ठोके मारले का मधात रेघ उभी राह्यते. तुले ठाऊक नाई का? झिजलेला दगड तसाच कोरा परत देल्ला तं बाई काय म्हनन? काम नाई केलं म्हनन." तो हसला. "सुपारी ठेचतो तसं हळूहळू केलं. दोन दिस लागले. तुले सांगतलं नाई, म्हटलं पाह्यन तं खूश होईन. आन झाला ना तू खूश!"

पळवाट बंद झाली. त्या पोत्यातले ते बारके शंख वेगळ्याच कुळातले होते. त्यांना मधली फासळी असते, याला नसते. हे बळीरामला कोणी सांगितलंच नव्हतं. दोन महिने समोर बसून संघदीपनं बापाला इतक्या गोष्टी सांगितल्या, नेमकी हीच राहिली.

बळीरामचं हसू हळूहळू ओसरलं. पोराचा चेहरा त्याला वाचता येत होता. "काहून रे? काई चुकलं का माह्यं?"

"नाई बाबा."

"खरं सांग. नुकसान केलं का म्या तुह्यं?"

संघदीप पुन्हा नाही म्हणणार होता. तोंडापर्यंत आलेलं नाही त्यानं गिळलं आणि सगळं सांगून टाकलं. रेघा शंखाच्या नाहीत म्हणजे शंख नवा नाही, शंख नवा नाही म्हणजे नाव नाही. सांगताना तो बापाकडे बघत नव्हता, पाट्याकडे बघत होता.

आधी बळीरामला राग आला. "मंग म्या काय खराबा केला? आजलोक माह्या हाताले कोनी नाव नाई ठेवलं! उमरखेडच्या बाया माह्यी वाट पाह्यत होत्या, वाट!" तुळसाबाई चटणीचं भांडं घेऊन दारात उभी राहिली. मग बळीरामचा राग ओसरला. तो खाली बसला आणि उजव्या हातानं डाव्या हाताचा अंगठा चोळत राहिला. "तुह्यी तीन वर्षं गेली रे त्याच्यात," तो म्हणाला. संघदीपला रडू आलं. सरळ सांगायचं तर तो रडलाच, हमसून हमसून, एवढा मोठा घोडा.

तुळसाबाईनं दोघांनाही चहा दिला. मग संघदीप घाईघाईनं बोलायला लागला. घाबरलेला माणूस बोलतो तसं, सगळ्यांची एकदम सोय लावत. "बाबा, कोनाले काई सांगायची गरज नाई. मी लेखात फक्त लिहितो का साफ करताना शंखाले इजा झाली. बस. अशी होते, कोनी विचारत नाई. सत्कारबी होऊ द्या. नाव मंग राह्यलं म्हनून सांगू, कमिटीनं नाई घेतलं म्हनून सांगू."

"इजा कोनाच्या हातानं झाली, हे लिवशीन का नाई?"

"थे लिहायची काय गरज?"

"काहून नाई?" बळीरामनं कप खाली ठेवला. "चांगलं होतं तवा माह्यं नाव टाकनार होता ना? मंग आता काहून लपवून राह्यला? लाज वाटते?"

"लाज नाई बाबा! लोकं तुमाले नावं ठेवतीन..."

"ठेवू दे ना. रेघा म्या उठवल्या. चोरून नाई उठवल्या, दिवसाढवळ्या या लिंबाखाली बसून उठवल्या." आणि नवा शर्ट न घालता, होता तसाच बनियनवर, तो घरातून बाहेर पडला.

संघदीप मागं धावला. गल्लीतून जाताना बाप वळून पाहत नव्हता आणि संघदीपच्या डोक्यात भलभलतं येत होतं. भांडेल का हा नागोरावांशी? चक्कर येऊन पडला तर? विहारासमोर फ्लेक्स लागलाच होता. त्याखाली नागोराव खुर्च्या मोजून घेत होते. बळीराम त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "नागोराव, थे काढा. शंख माह्या नावाचा नाई झाला. माह्या टाकीनं थो खराब झाला, म्हनून नाई झाला." नागोरावांची मोजणी मध्येच राहिली. खुर्च्या आणणारी माणसंही थांबली. मग नागोराव हळू आवाजात म्हणाले, "अरे भाऊ, हे कोनाले कळते का इथं? होऊ दे ना कार्यक्रम."

"मले कळते," बळीराम म्हणाला, आणि स्वतःच फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागला. गाठी घट्ट होत्या. संघदीप पुढं झाला आणि दुसऱ्या बाजूच्या दोऱ्या त्यानं सोडल्या.

फ्लेक्सची घडी काखेत मारून दोघं परत आले. तुळसाबाईनं तो घेतला आणि सरपणावर पसरला, छापलेली बाजू आत करून. पाऊसपाण्याला कामी येईल, एवढंच म्हणाली.

दुपारी संघदीपनं अंगणात खाटेवर लॅपटॉप उघडला. मोबाइलची रेंज लिंबाखालीच यायची. तिरप्या उजेडातला फोटो जोडला, लेख मागं घेत असल्याचं लिहिलं, आणि खाली कारण लिहायला लागला. बळीराम शेजारी येऊन बसला. त्याचा श्वास संघदीपला ऐकू येत होता.

"पाठवाच्या पहिले मले वाचून दाखव."

"इंग्रजीत हाय, बाबा."

"मंग मराठीत सांग. हळूहळू सांग."

संघदीपनं सांगितलं, एकेक शब्द शोधत. "जाड फासळ्यांच्या मधल्या बारीक रेघा शंखाच्या नाहीत. शंख साफ करताना त्या लेखकाचे वडील बळीराम नरवाडे, राहणार फुलसावंगी, यांच्या टाकीनं उठल्या. लेखकाला ते ओळखता यायला हवं होतं, त्यानं ते ओळखलं नाही."

बळीराम स्क्रीनकडे वाकला. "हे शेवटचं तुवा आपल्या मनानं टाकलं?"

"हाव."

"राहू दे मंग." त्यानं स्क्रीनकडे बोट केलं. "माह्यं नाव कुठं हाय यात?"

संघदीपनं दाखवलं. बळीरामला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. त्यानं नावाखाली बोट ठेवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. मग म्हणाला, "पाठव."

संघदीपनं पाठवलं. पोटातला गोळा गेला नाही, गेला असं म्हणणं खोटं होईल. पण आता तो दोघांनी वाटून घेतला होता. आतून तुळसाबाईनं हाक मारून विचारलं, "काहो, झालं का मंग त्या शंखाचं तुमच्या नावानं?"

"शंखाचं नाई झालं," बळीराम म्हणाला. त्यानं खाटेवरचा शंख उचलला, उन्हात तिरपा धरला आणि आपले ठोके नीट पाहून घेतले. "रेघा झाल्या माह्या नावाच्या."